पायजम्याच्या मापाची सायकल

सायकल घरी आली तेव्हा मी पहिल्यांदा तिचं वजन केलं. माझ्या दुकानातला जुना टांगता काटा अजून पडवीत आहे. तो वाशाला अडकवला, सायकलीच्या सीटखालून दोरी घातली आणि तिला टांगली. मुलगा फोनवर सतरा किलो म्हणाला होता. काट्याने साडेसतरा दाखवलं.

मी मुलाला फोन लावला. "अर्धा किलो जास्त आहे."

"आप्पा, तुमचा काटाच अर्धा किलो जास्त दाखवतो. मी लहान होतो तेव्हापासून दाखवतो."

हे खरं होतं. दुकानातलं भंगार मी त्याच काट्यावर विकत असे. त्यामुळे काटा दुरुस्त करावा असं मला कधी वाटलं नाही.

मी सायकलवाला माणूस. रत्नागिरीत चाळीस वर्षं माझं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉल आणि तासाच्या भाड्याने सायकली. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मताने तिसरीपर्यंतच. पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शाळा लागत नाही. कान आणि बोटं लागतात. दुकानात माझा एकच नियम होता. गिऱ्हाईक सायकलीवर बसलं की त्याचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. टेकले तर सायकल मिळेल, नाहीतर घरी जा. त्या नियमामुळे चाळीस वर्षांत माझ्या भाड्याच्या सायकलीवरून पडून कुणाचं हाड मोडलं नाही. एकाचा दात पडला, पण तो आधीपासून हलत होता.

हा नियम इथे एवढ्यासाठी सांगितला की पुढे त्यानेच माझा घात केला.

दुकान बंद केलं आणि मी गावी येऊन राहिलो. गाव शहरापासून लांब नाही. घर खाली आणि आमची हापूसची बाग वर, सड्यावर. बावीस कलमं. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ. तिथे सुरुंगाने खड्डे पाडून, खालून माती नेऊन मी ती कलमं लावली. पहिली चार वर्षं रविवारी दुकान बंद ठेवून सायकलीच्या कॅरियरला दोन डबे बांधून पाणी वर नेलं. डांबरी रस्ता देवळापर्यंत. पुढे लाल मातीची वाट, आणि शेवटी घाटी. घाटीत सायकलीवर कुणी बसत नाही, ढकलतात. मीही ढकलली. तेव्हा गुडघे माझेच होते.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडाला त्याच घाटीत माझा डावा गुडघा गेला. मी वाटेवरच थांबलो. तासाभराने गुरं घेऊन येणाऱ्या एका बाईने मला पाहिलं आणि घरी निरोप दिला. मुलाला मुंबईला कुणीतरी कळवलं की म्हातारा घाटीत पडून होता. मी पडून नव्हतो. बसलो होतो, फक्त आडवा.

दिवाळीला मुलगा आला तो ठरवूनच आला होता. बाग करारावर द्यायची. एक व्यापारी त्याने बघूनही ठेवला होता. हा माणूस पाच वर्षांसाठी बाग घेतो, झाडाच्या मुळाशी औषध घालून दरवर्षी मोहर काढतो आणि पाच वर्षांनी झाडं परत देतो. त्यानंतर झाडं उभी असतात, पण पिळून काढलेली, ती काही बोलत नाहीत.

मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर त्या बागेत व्यापाऱ्याचा पाय नको."

मुलगा म्हणाला, "तुमचा पाय तरी पोचतोय काय आप्पा? मोहर आल्यापासून फळ उतरेपर्यंत रोज वर जायला लागतं. माकडं कोण हाकणार? मी मुंबईहून?"

मी हात धुऊन जेवायला बसलो.

पण तो माझाच मुलगा. मुंबईत एका मोठ्या सायकलींच्या दुकानात मिस्त्री आहे. स्पोक बांधायला माझ्याकडेच शिकला, आता लाखाच्या सायकली खोलतो. जाताना म्हणाला, "एक करू. मी तुम्हाला एक सायकल पाठवतो, डोंगरातली, बॅटरीची. शिमग्याला मी येईन. देवळापासून बागेपर्यंत घाटीत एकदाही पाय न टेकता, कुणाचा हात न लागता तुम्ही वर गेलात, तर बाग तुमची. नाहीतर पालखी झाली की करारावर सही."

सूनबाई दारात उभी होती. तिच्यासमोर बोलणं झालं, म्हणजे आता ते फिरवता येणार नव्हतं.

तर ती ही सायकल. दुकानातल्या कुणा साहेबाने परत केलेली, मुलाने स्वस्तात घेतली. पुढे शॉकअप, जाड टायर, दोन्हीकडे तबकडीचे ब्रेक. दांड्याच्या पोटात बॅटरी, पॅडलच्या खोक्यात मोटर. मुलाने फोनवर समजावून सांगितलं. बॅटरीच्या इतर सायकली पंचवीस-पंचवीस किलोच्या असतात. ही हलकी आहे, कारण हिची मोटर लहान आणि बॅटरीही लहान. आणि पॅडल मारल्याशिवाय मोटर चालत नाही. तुम्ही जोर द्याल त्या मानाने ती आपला जोर घालते.

"म्हणजे आधी आपण भरायचं, मग ते देणार," मी म्हटलं. "अशा योजना मला माहीत आहेत."

"आप्पा, एकच ऐका. हलकी आहे म्हणून लहान मोटर पुरते. तिच्यावर काही चढवू नका."

मी फोन ठेवला आणि सायकलीकडे बघितलं. कॅरियर नाही. स्टँड नाही. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. घंटी नाही. एवढे पैसे घेऊन सायकल अर्धीच दिली होती. माझ्या दुकानातून असली सायकल मी कधी बाहेर जाऊ दिली नसती. लोक म्हणाले असते, मालकाचं दिवाळं निघालं.

माळ्यावर माझ्या दुकानातलं सामान होतं. चार दिवस बसून मी सायकल पूर्ण केली. जुन्या सळईचं कॅरियर बसवलं. त्याला तिच्या अंगावर भोकं नव्हती, तर ट्यूबचे तुकडे घालून पट्ट्यांनी आवळलं. दोन पायांचा स्टँड लावला. पत्र्याची मडगार्डं, चेनकव्हर आणि पितळी घंटी लावली. मागे साखळी-कुलूप. सड्यावर चोर कधी आलेला नाही, पण सायकलीला कुलूप असतं. आणि शेवटी सीट अगदी खाली बसवून दोन्ही पाय सपाट टेकवले. काट्यावर टांगली, पंचवीस भरली. मला बरं वाटलं. आता ती सायकल दिसत होती.

त्यावर रोजचं सामान. माकडांसाठी वाजवायला पत्र्याचा डबा, कोयता, तीन लिटर पाणी, भाकरी आणि कॅरियरला खोचलेला एक जुना स्पोक. आंब्याच्या खोडात भिरूड नावाची अळी शिरते, ती ओढून काढायला टोक वळवलेल्या स्पोकसारखं हत्यार नाही. सगळं मिळून एकतीस.

पहिल्या दिवशी देवळापर्यंत राणीसारखी गेली. मोटरचा आवाज म्हणाल तर डबीत भुंगा ठेवल्यासारखा. मातीच्या वाटेला मी जोराचं बटण दाबलं. घाटी सुरू झाली तशी तिची घरघर वाढली आणि माझीही. पॅडल वर यायचं तेव्हा गुडघा छातीला लागायचा. दोन वळणं कशीबशी झाली. तिसऱ्या वळणाआधी जांभळीचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी एक मोठा दगड आहे. तिथपर्यंतही मी पोचलो नाही. बॅटरीचा दिवा लाल झाला, मोटर गप्प झाली, आणि डावा गुडघा बोलायला लागला.

मी उतरलो. एकतीस किलो घाटीत ढकलायला लागलो. वरच्या कातळावर पाच-सात माकडं बसली होती. पळाली नाहीत. डबा वाजवायला माझा हात मोकळा नव्हता, हे त्यांना कळलं असावं.

आठ दिवस असंच. घरी बोलायला एक सूनच, मुलगा मुंबईला. ती ओटीवर शिलाई मशीन घेऊन गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. एका सकाळी मी अंगणात सायकलीवर फेरी मारत होतो, ती तोंडात टाचण्या धरून बघत होती. टाचण्या काढून म्हणाली, "आप्पा, ती सायकल तुम्हाला आखूड होतेय."

"सायकल आखूड होत नसते गो. तो ब्लाउज नाही."

"गुडघे कोपरांना लागताहेत तुमचे. काखेत काचलेला ब्लाउज घालून बाई दळायला बसली की दिसते, तसे दिसताय."

"चाळीस वर्षं मी सायकली दिल्या."

"तासाच्या भाड्याने दिल्यात. तासाभरात कुणाचा गुडघा दुखणार?"

मी घंटी वाजवून पुढे गेलो. घंटीचा असा उपयोग होतो.

पुढच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने मुलाचं खोकं आलं. आत काळं, प्लास्टिकसारखं दिसणारं हँडल, मूठभर वजनाचं. नेहमीपेक्षा आखूड अशी पॅडलची क्रँक. हँडलच्या मानेचा आखूड तुकडा. ट्यूबशिवाय चालणारे हलके टायर आणि त्यांत घालायचं दुधासारखं औषध. एक पाना, ज्याला आकड्यांची पट्टी होती. मुलाने चिठ्ठी लिहिली होती, तीही टाईप केलेली. मी खोकं तसंच बंद करून कॉटखाली सरकवलं. माझ्या सायकलीला काय लागतं हे मला कुणी पार्सलने कळवायची गरज नव्हती.

मग व्यापारी आला. शिमग्याला महिना राहिला होता, त्याला मोहर बघायचा होता. मुलाने त्याला परस्पर सांगितलेलं. जीप देवळाशी ठेवून तो चालत वर निघालेला, आणि मी दुसऱ्या वळणावर सायकल ढकलत होतो. त्याने मला गाठलं. पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. दोन पावलं माझ्याबरोबर चालला.

"आप्पा," तो म्हणाला, "सायकल आजारी आहे काय? दवाखान्यात नेताय?"

"हवा खायला नेतोय."

"न्या, न्या. सावकाश या. मी तोवर झाडं मोजतो."

आणि तो पुढे गेला. चालत. माझ्या बागेत माझ्याआधी पोचला. मी पोचलो तेव्हा तो चौथ्या ओळीत होता आणि आंब्याची पानं तोडून वास घेत होता. माझ्या देखत.

त्या दिवशी दुपारी घरी येऊन मी कुलूप काढलं. काट्यावर ठेवलं. दोन किलो. मग स्टँड काढला, दीड. कॅरियर दोन. मडगार्ड, चेनकव्हर मिळून दोन. मी एकेक काढून पडवीत ओळीने मांडत होतो आणि सून मशीन थांबवून बघत होती. सामानातलं पाणी तीन लिटरचं एक केलं, कारण वर बागेत टाकी आहे आणि ती माझ्या हातची आहे, हे मी विसरलो होतो. डबा वर झाडाला टांगून ठेवायचं ठरवलं. कोयता आणि भाकरी पाठीच्या पिशवीत. स्पोक काट्यावर टाकला, काटा हललासुद्धा नाही. तो पिशवीत राहिला. घंटी काट्यावर दिसली, पण ती मी ठेवली. घंटीशिवाय सायकल म्हणजे मुका माणूस.

"पाव किलोच आहे," मी म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

सून म्हणाली, "राहू दे. त्याऐवजी संध्याकाळचा भात एक वाढणी कमी घ्या."

मला काट्याला टांगता येत नाही हे एक बरं आहे.

आता सीट राहिली. मी सीटच्या पकडीचा बोल्ट सैल केला आणि तसाच बसून राहिलो. किती वर घ्यायची हे मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी सीट जमिनीकडून मोजली होती. पॅडलकडून कशी मोजतात हे कधी बघितलंच नव्हतं.

सून उठली, मापाची टेप गळ्यात होतीच. पण सासऱ्याच्या पायाचं आतलं माप सून कसं घेणार? तिलाही ते जमणार नव्हतं, मलाही चालणार नव्हतं. ती आत गेली आणि तिची मापांची वही घेऊन आली. माझे पायजमे दहा वर्षं तीच शिवते. पहिलं माप मुलाने घेऊन दिलं होतं, ते पान अजून होतं. वर नाव म्हणून नुसतं 'आप्पा' लिहिलेलं, खाली उंची, कंबर, आतला पाय. तिने दोरीवरचा माझा धुतलेला पायजमा आणला, सीटवर बसवला, कपड्याच्या चिमट्यांनी मागेपुढे पकडला आणि एक पाय पॅडलकडे सोडला. पॅडल अगदी खाली नेलं. पायजम्याची शिवण पॅडलवर पडून वीतभर गोळा झाली.

"बघा," ती म्हणाली. "एवढा पाय तुमचा दुमडलेला राहतो. रोज, प्रत्येक फेऱ्याला. आणि गुडघा दुखतो म्हणता."

मी बघितलं. पायजम्याचा गुडघा खरंच वाकला होता. माझ्याशिवाय माझा पायजमा सायकलीवर बसला होता आणि त्यालाही त्रास होत होता.

तिने मला सीट वर घ्यायला सांगितली. अजून. अजून थोडी. पायजम्याचा पाय ताठ झाला तेव्हा म्हणाली, "आता टाच पॅडलवर ठेवली तर पाय सरळ होईल आणि चवडा ठेवला तर जरा सैल राहील. शिवताना बोटभर सैल ठेवायचंच असतं, नाहीतर उसवतं."

शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. "काय गो, कोण बसलाय सायकलवर?"

"आप्पा," सून म्हणाली.

"आणि ते कोण उभे आहेत?"

"तेपण आप्पा."

मी बसून बघितलं. पाय जमिनीला पोचत नव्हते. नुसता अंगठा लागत होता, तोही उजव्याचा. माझ्या दुकानात असा माणूस आला असता तर मी त्याला घरी पाठवला असता. मी घरीच होतो. चढायला-उतरायला काहीतरी पाहिजे, तर अंगणातला जांभ्याचा एक चिरा सरकवून मी दारासमोर ठेवला. त्यावर पाय ठेवून बसायचं, त्यावरच पाय ठेवून उतरायचं.

दुसऱ्या दिवशी सून बाजाराला गेली तेव्हा मी कॉटखालचं खोकं काढलं. आमच्या वेळी क्रँकला खिळा असायचा, हातोडीने ठोकून काढायचा. इथे खिळाच नाही. तास गेला, मग मुलाला फोन केला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला सायकलीबद्दल काही विचारत होतो.

"आप्पा, हँडल कार्बनचं आहे. जास्त आवळलंत तर तडकेल. त्या पान्याला पट्टी आहे ना? मी लिहिलाय तो आकडा लावा. टक् वाजलं की थांबा."

"माझ्या मनगटात टक् आहे."

"असेल. पण पाना वापरा."

मी पाना वापरला. टक् वाजलं तिथे माझं मनगट थांबलं नसतं. अजून पाव फेरा गेलं असतं. मुलाला मी सांगितलं की दोन्ही एकाच जागी थांबले. खरं काय ते इथे लिहितोय.

आखूड क्रँकने पॅडलचा फेरा लहान झाला. गुडघ्याला वर चढायला लागेना. आखूड मानेने हँडल जवळ आलं, पाठ सरळ झाली. टायरमधलं दूध माझ्या विजारीवर सांडलं ते अजून निघालेलं नाही. सगळं बसवून टांगली, घंटीसकट सतरा. काटा अर्धा किलो जास्त दाखवतो हे धरून साडेसोळा. हे मी मुलाला कळवलं. तो म्हणाला, "बघा, आता तुम्हालाच काटा खोटा वाटायला लागला."

मग रोज सकाळी निघायचो. बटण मधलं. जोराचं नाही. सुनेने सांगितलं होतं की शिवताना मशीन जोरात पळवली की दोरा तुटतो. बॅटरीला दोरा नसतो, पण मी ऐकलं. पहिलं वळण, दुसरं वळण, जांभळीचा दगड. तिथे दगडावर पाय ठेवून उतरायचो, सायकल दगडाला टेकवायची आणि पुढचा तुकडा चालत. शेवटचा तुकडा एकदाच करून बघितला. चढ एवढा उभा की पुढचं चाक उचललं, आणि मी करवंदीत गेलो. हलक्या सायकलीचं असं असतं, तिला तोंड खाली धरून ठेवायला लागतं. पुढे सरकून, छाती हँडलवर आणून जायचं हे कळलं, पण पुन्हा करून बघितलं नाही. करवंदीचे काटे काढायला सूनच होती आणि ती प्रत्येक काट्याला एक प्रश्न विचारत होती.

शिमगा आला. मुलगा मुंबईहून आला. पालखी आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाशी जमलो. मी, मुलगा, सून. आणि व्यापारी, कागद घेऊन. मी त्याला बोलावलं नव्हतं.

मुलाने सायकलीभोवती एक फेरी मारली. हँडल दाबून बघितलं, क्रँक हलवून बघितली, सीटकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. "सीट बरोबर आहे," म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही. मग बोट घंटीवर ठेवलं. "ही?"

"ती राहणार."

देवळाच्या पायरीवरून मी बसलो. मातीची वाट काही नाही. पहिलं वळण, दुसरं वळण. ती तिघं मागून चालत होती, त्यांचा आवाज हळूहळू मागे पडला. जांभळीच्या दगडाकडे मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पाय आपोआप तिकडे गेला असता. रोजची सवय. पुढे सरकलो, छाती खाली, हनुवटी घंटीवर. मोटर भुंग्यासारखी आणि मी म्हशीसारखा. पुढचं चाक दोनदा हलकं झालं, दोनदा मी त्याला दाबून खाली बसवलं. डाव्या गुडघ्याने एकदा चौकशी केली. मी उत्तर दिलं नाही. मग कातळ सपाट झाला आणि समोर माझी बाग आली.

मी वर होतो. पाय टेकलेला नव्हता. हात कुणाचा लागलेला नव्हता.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की उतरायचं कसं हे मी ठरवलेलंच नाही.

घरी चिरा होता. घाटीत दगड होता. इथे सगळीकडे सपाट कातळ आणि त्यावर सुटी खडी. अंगठ्यावर थांबलो असतो तर उतरताना सगळा भार डाव्या गुडघ्यावर, आणि मी सरळ खाली. आणि पडलेला म्हातारा बघायला तिघं घाटीतून वर येत होती, त्यातल्या एकाकडे कागद होता. बागेला दगड रचून केलेला गडगा आहे, त्याला टेकलो असतो, पण माकडांसाठी त्यावर मीच काटेरी फांद्या रचल्या होत्या. चांगल्या रचल्या होत्या.

मी झाडांभोवती फिरायला लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवटून वळून पुन्हा पहिली. एक फेरा झाला. दुसरा झाला. घाटीच्या तोंडाशी मुलाचं डोकं दिसलं. मी घंटी वाजवली, म्हणजे सगळं ठीक आहे असं दिसावं. तिसऱ्या फेऱ्याला चौथ्या ओळीतलं एक कलम, ज्याची एक फांदी खाली आलेली आहे, ते मी हेरलं. त्याच्या अगदी जवळून गेलो, ब्रेक दाबला आणि फांदी धरली. उजवा पाय बुंध्याच्या फुगवट्यावर ठेवला. झाडाचा हात चालेल की नाही हे आमचं ठरलेलं नव्हतं.

फांदी धरून मी श्वास घेत होतो, आणि तोंड खोडाजवळ होतं, म्हणून दिसलं. सालीला एक भोक आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला. भिरूड. ताजं होतं. महिनाभर कुणी बघितलं नसतं तर कलम गेलं असतं.

मुलगा आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मुंबईत त्याला लिफ्ट आहे. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सून त्याच्या मागून आली, ती ठीक होती. शेवटी व्यापारी आला. त्याचे बूट आता पांढरे नव्हते.

"आप्पा," मुलगा श्वास सापडल्यावर म्हणाला, "तुम्ही गोल गोल का फिरत होतात?"

"झाडं बघत होतो," मी म्हटलं. "रोज बघायला लागतात. याला भिरूड लागलंय."

पिशवीतून स्पोक काढला. मुलाने तो माझ्या हातातून घेतला, मला खाली वाकू दिलं नाही. दुकानात असताना हे काम तोच करायचा, सुट्टीत बागेत आलो की. भोकात स्पोक घातला, फिरवला, ओढला. बोटाएवढी पांढरी अळी आकड्याला लागून आली. त्याने ती कातळावर टाकली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. व्यापारी गेल्या महिन्यात याच झाडाची पानं तोडून वास घेत होता.

मुलगा उठला, गुडघे झटकले. "शेठ," तो व्यापाऱ्याला म्हणाला, "बाग द्यायची नाही."

"मग मला वर कशाला चढवलंत?" व्यापारी म्हणाला.

"उतार सोपा आहे," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पालखी येऊन गेली, घरात नारळ-गुलालाचा पसारा होता. संध्याकाळी मुलगा कुठे दिसेना. सून म्हणाली, वर गेलाय. सकाळी मी सायकल काढली आणि नेहमीसारखा निघालो. घाटी, शेवटचा तुकडा, छाती खाली. बागेच्या तोंडाशी, वाट सपाट होते तिथे, जांभ्याचा एक चिरा बरोबर मांडून ठेवला होता, हलू नये म्हणून खाली खडीची पाचर मारलेली. आमच्या परसातलाच चिरा. चाळीस किलोच्या खाली नाही. घाटीतून तो डोक्यावर आणण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

चिऱ्यावर पाय ठेवला आणि उतरलो.